माघातला पंचनामा

बायकोलाही हे ठाऊक नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली. माझ्या साखरेच्या गोळीपासून बँकेतल्या वारसाच्या नावापर्यंत सगळं तिला पाठ असतं — पण हे नाही. तिला सांगायचं तर तिच्याकडे बघून सांगावं लागेल, आणि तेवढी माझी छाती नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला दिसत नाही. म्हणजे सुरुवातच भित्रेपणाने झाली, बघा.

मी इतिहासाचा प्राध्यापक. होतो, म्हणायला हवं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. बारामतीच्या एका कॉलेजात शिकवलं, पण घर भिगवणच्या पुढे, इंदापूरच्या अंगाला, उजनीच्या पाण्याजवळच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. जे केलं ते मी केलं, गावाला कशाला मध्ये ओढू? रोज एसटीने जायचो, एसटीने यायचो, आणि घरी दोन एकर ऊस होता. अजून आहे. तो ऊसही या गोष्टीत येणार आहे.

कुठून सुरू करू? एदुईंपासून करतो. हे कोण, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, आपल्याकडे कुणी त्यांचं नावही ऐकलेलं नसतं. आज जिथे फ्रान्स आहे त्या मुलखाला तेव्हा गॉल म्हणत. तिथे केल्ट लोकांच्या पुष्कळ जमाती होत्या, त्यातली एक एदुई. डोंगरमाथ्यावर बिब्राक्त नावाचं त्यांचं मोठं गाव. शेजारच्या जमातींशी त्यांचं पटत नव्हतं, म्हणून त्यांनी लांबच्या रोमशी दोस्ती केली. रोमच्या सिनेटने त्यांना मान दिला — रोमन जनतेचे भाऊ! केवढं भारी वाटलं असेल त्यांना. मग याच भावांच्या रक्षणाचं निमित्त करून सीझर फौज घेऊन गॉलमध्ये उतरला, आणि काही वर्षांत सगळा मुलूख रोमचा झाला. भावांसकट.

हा धडा माझा हातखंडा होता. त्यात एक पुढारी येतो, दिविकियाकस. स्वतः ड्रुइड, म्हणजे त्यांच्यातला ज्ञानी, पुरोहित. हा रोमला जाऊन सिनेटपुढे मदत मागून आला, आणि पुढे सीझरचा अगदी खास झाला. मी त्याची वर्गात टर उडवायचो. त्याची चाल करून दाखवायचो, सीझरपुढे कसा वाकत असेल ते दाखवायचो. कुंपणानेच शेत खाल्लं की राखणदाराने काय करायचं, असं म्हणायचो. पोरं खो खो हसायची. एकोणतीस वर्षं मी त्या माणसाला हसलो.

एका वर्षी पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. लक्ष्मी तिचं नाव. मेंढरं राखणाऱ्या घरातली, त्यांच्यात कॉलेजपर्यंत आलेली पहिलीच. म्हणाली, "सर, हे समदं सीझरनंच लिवलंय. एदुईंचं एदुईंनी कायच लिवलं न्हाय का?" मी खूश झालो. सांगितलं — नाही. ड्रुइड वीस वीस वर्षं घोकून सगळं तोंडपाठ करायचे. आपली विद्या कागदावर उतरवणं त्यांना योग्य वाटत नसे. ती म्हणाली, "मंजी आमच्या आबांवानी." वर्ग हसला. मी हात वर करून वर्ग गप्प केला आणि म्हणालो, जे लिहीत नाहीत, त्यांचा इतिहास त्यांचा शत्रू लिहितो. तिने ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. मला माझं वाक्य फार आवडलं होतं.

तिचे वडील बिरा आबा. त्यांची ओळख तिच्यामुळेच झाली आणि मग वाढत गेली, कारण त्यांचा वाडा आमच्याच गावाच्या गायरानावर असायचा. वाडा म्हणजे दगडविटांचा नव्हे. मेंढपाळांचा तळ, मेंढरं, घोडं, कुत्री, पोरंबाळं, तीन दगडांच्या चुली. पावसाळाभर गायरानावर, आणि दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात. मृगाच्या तोंडावर परत. आबांचा बाप असाच आला-गेला, त्याचाही बाप. आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतील की माघात गायरान मोकळं असतं आणि जूनमध्ये भरतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं यावरच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी आबा दरवर्षी माझ्याकडे यायचे. हातात हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी. रेशनकार्ड, आधारकार्डं, लक्ष्मीचे दाखले, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गायरानावर चराईची फी भरल्याच्या पावत्या. काही त्यांच्या नावाच्या, काही बापाच्या. वाटेत पाऊस, चोरी, मेंढरांची पळापळ — कागद कुठे सांभाळणार? गावोगाव ही रीतच आहे, घर असलेल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाकडे पेटी ठेवून निघायचं. आबा किल्लीही देऊन जायचे. म्हणायचे, "सर, कुठला कागुद आला, कोन इचारायला आलं, तर तुमीच बघा. आमाला काय कळतंय त्यातलं?" मी पेटी खाटेखाली सरकवायचो. बायको आठवड्याला तिच्यावरची धूळ पुसायची.

आता ते सांगायला हवं ना? सांगतो.

चार वर्षांपूर्वीचा माघ. गायरानावर सोलरचा प्रकल्प यायचं घाटत होतं. गावाला तो हवा होता, आणि का नसावा? आमच्याकडे शेतीची लाइट रात्री यायची. साप-विंचवात, चिखलात, बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायचं. सोलर आला की दिवसा लाइट मिळेल, असं सांगत होते. माझे गुडघे गेलेले, रात्री बांधावर जाणं मला होत नव्हतं. तर माझाही फायदा होताच. नाही कशाला म्हणू?

एका सकाळी तलाठी आले. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. तरुण माणूस, नवी नोकरी, स्वभावाने सरळ. म्हणाले, "सर, गायरानाचा पंचनामा करायचाय. पंच म्हनून तुमी चला. तुमची सही आसली की वर कोन शंका घेत न्हाय." हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला फार वेळ लागत नाही. मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. दुसरा पंच गावातलाच एक शेतकरी होता. तो आला, सही केली आणि उसाच्या तोडीवर निघून गेला. त्याच्यावर काही ढकलायचं नाही मला.

गायरान मोकळं होतं, माघात असतं तसं. पण मोकळं म्हणजे काय? चुलीचे काळे पडलेले दगड जागच्या जागी होते. बिरोबाच्या दगडावर भंडारा होता, शेजारी नारळाची करवंटी. आणि सगळ्या माळावर वाळलेल्या लेंड्या. चालताना चपलेखाली चुरचुर वाजत होत्या. मी ते ऐकत होतो.

भाऊसाहेबांनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून पंचनामा लिहिला आणि मला वाचून दाखवला. तुम्हाला वाटेल, सरकारी माणसाने खोटं लिहिलं आणि मास्तरने निमूट सही केली. तसं असतं तर मी हे केव्हाच बायकोला सांगून मोकळा झालो असतो. त्यांनी खरं लिहिलं होतं. मेंढपाळ कुटुंबं दरवर्षीप्रमाणे कोकणात गेलेली असल्याने पाहणीच्या वेळी जागा मोकळी दिसली, असं स्पष्ट वाक्य होतं त्यात.

ते वाक्य मी काढायला लावलं.

मी. कुणी मला सांगितलं नव्हतं, कुणाचा दाब नव्हता. मी म्हणालो, भाऊसाहेब, हे कशाला? वर कुणी वाचलं तर फाइल परत येईल. पाहणी आजची आहे, आज जे दिसतं तेवढंच लिहा. ते घुटमळले. म्हणाले, "पर सर, जूनला येत्यात की ती लोकं." आणि मी हसून म्हणालो, मग ते जूनच्या पंचनाम्यात लिहा. त्यांनाही हसू आलं. मोठ्या माणसाचा विनोद होता ना.

त्यांनी नवा कागद घेतला. मजकूर मी सांगितला. पाहणीच्या वेळी सदर जागेवर जनावरं, वस्ती अथवा चराईचा कोणताही वापर आढळून आला नाही. भाऊसाहेब म्हणाले, वा सर, तुमच्यासारखं आमाला जमत न्हाय. कसं जमणार? हे मी एकोणतीस वर्षं शिकवत होतो. एखादे लोक कागदावरून कसे पुसायचे, कोणतं वाक्य गाळायचं, डोळ्यांना दिसलेल्या एका दिवसाला कायमचं सत्य कसं करायचं — सीझरची सगळी कारागिरी मला ठाऊक होती. मी ती आयुष्यात पहिल्यांदाच वापरली, आणि खरं सांगू? मला मजा आली. दिवसाची लाइट, माझे गुडघे, ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या क्षणी मला फक्त माझ्या वाक्याचं कौतुक वाटत होतं. मग मी सही केली.

पुढे हरकतींची नोटीस चावडीच्या फळ्यावर लागली. महिन्याची मुदत होती. मी ती दोनदा वाचली. आबांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता, आणि त्यांच्या पावत्या माझ्या खाटेखाली. उठून तहसीलला जायचं, पावत्या दाखवायच्या, एक अर्ज द्यायचा — एका दिवसाचं काम. पण मग कुणीतरी पंचनामा उघडला असता. खाली माझं नाव होतं.

त्याच महिन्यात आबांचा फोन आला. रोह्याकडून कुठून तरी बोलत होते, मागे मेंढरं ओरडत होती. "समदं बरं हाय न्हवं सर? कुठला कागुद-बिगुद?" मुदतीचे अजून अकरा दिवस बाकी होते. मी मोजलेले होते, म्हणून सांगतो. मी म्हणालो, सगळं बरं आहे आबा, काही नाही. ते म्हणाले, "तुमी हाय म्हनून आमी बिनघोर." फोन ठेवला, आणि बायकोने विचारलं कुणाचा होता, तर तिलाही आबांचं नाव सांगितलं नाही.

जूनमध्ये वाडा परत आला तेव्हा गायरानाला तार लागलेली होती. मेंढरं तारेबाहेर रस्त्यावर उभी, पोरं घोड्यावरून उतरायला तयार नाहीत. आबा थेट माझ्या दारात आले. मला वाटलं, आता विचारतील. मी रात्रंदिवस उत्तरं तयार करून ठेवली होती. पण त्यांनी मला काहीच विचारलं नाही. ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि मलाच म्हणाले, "तुमाला बी कळू दिलं न्हाय की सर त्यांनी." मी मान हलवली. मान हलवायला किती सोपी असते!

लक्ष्मी सांगवीला दिलेली आहे, आता शाळेत मास्तरीण आहे. ती धावत आली. अर्ज करू म्हणाली, आणि अर्ज कुणी लिहायचा? सरांनी! तीन वर्षं माझ्या हाताखाली शिकली होती ती. मी लिहिला. सुंदर लिहिला. मेंढपाळ बांधवांच्या व्यथेचा सहानुभूतीने विचार व्हावा, असं सगळं त्यात होतं. फक्त पावत्यांचा उल्लेख नव्हता, आणि हे लोक दर माघात कोकणात असतात हेही नव्हतं. लक्ष्मीने विचारलं, पावत्या जोडायच्या ना सर? मी म्हणालो, जुन्या पावत्यांनी काही होत नाही, उलट घोळ होतो. तिने माझं ऐकलं. पावत्या पिशवीत घालून परत पेटीत ठेवल्या. दोन महिन्यांनी उत्तर आलं, पंचनाम्यात चराईचा वापर आढळून आलेला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. माझंच वाक्य माझ्याच तोंडाने मी आबांना वाचून दाखवलं. आबांनी दोनदा वाचायला लावलं.

मेंढरं एका वर्षात गेली. बारामतीच्या बाजारात दोन खेपांमध्ये विकली. चारायला जागा नाही, उसाच्या फडात कुणी शिरू देत नाही, मग राखणार कुठे? घोडं सगळ्यात शेवटी गेलं, आणि वाड्याच्या जागी गावाच्या कडेला पत्र्याचं घर आलं. मुलगा आता त्या सोलरवर वॉचमन आहे, तारेच्या आत. ती नोकरी माझ्या शिफारशीने लागली, आणि त्यासाठी त्या घराने मला पेढे आणून दिले. मी ते खाल्ले. आबा कधीकधी तारेला हात धरून उभे असतात. पॅनलच्या खाली गवत वाढतं ना, ते औषध मारून जाळतात. आबा मला एकदा म्हणाले, "सर, गवात जाळत्यात वो. चांगलं हिरवंगार गवात."

उद्घाटनाला मला पुढच्या रांगेत खुर्ची होती. शाल मिळाली, नारळ मिळाला. आपले सर, असं माइकवर म्हणाले. दिवसा लाइट येते आता. मी दुपारी मोटार चालू करतो आणि सावलीत बसतो.

तिथे बसून मी त्या दिविकियाकसचा विचार करतो. त्याचा भाऊ दुम्नोरिक्स रोमच्या विरोधात होता. ते सीझरला कळलं, तेव्हा हा दिविकियाकस त्याच्यापुढे रडला, भावासाठी पदर पसरला, आणि त्याचा जीव वाचवला. पुढे काही वर्षांनी सीझरच्या माणसांनी दुम्नोरिक्सला मारलंच. मी स्वतंत्र माणूस आहे, स्वतंत्र लोकांतला आहे, असं ओरडत तो मेला. तोवर दिविकियाकसचं नाव कागदावरून नाहीसं झालेलं असतं. जिवंत होता की मेला, कुणी लिहिलेलं नाही. नंतर एदुई डोंगरावरून उतरले, सपाटीवर रोमच्या बादशहाच्या नावाचं नवं शहर बसलं, चौकोनी रस्ते झाले, आणि बिब्राक्त ओस पडलं. हे सगळं मी शिकवायचो. पण तो निदान भावासाठी रडला होता, हे वर्गात सांगायचं मी दरवर्षी गाळायचो. त्याने हसण्याची मजा गेली असती.

गेल्या दिवाळीनंतर आबा आले. हातात पेटी. मी म्हणालो, आबा, आता कुठे निघालात?

"कुठं जानार सर? मेंढरंच न्हाईत." त्यांनी पेटी ओसरीवर ठेवली. "पर दिवाळी झाली, मंजी पेटी हितं आणायची. हात तसा वळला. तुमच्याकडं हाय मंजी घोर न्हाय." त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटवली. बायकोने आतून चहा आणला, ते तो बशीत ओतून प्याले आणि हळूहळू रस्त्याला लागले. गायरानाकडे नाही, घराकडे.

पेटी हलकी झालेली आहे. लक्ष्मीचे दाखले तिने केव्हाच नेले. रेशनकार्ड, आधारकार्डं आता सारखी लागतात, ती त्यांच्या घरी असतात. आत आता फक्त पावत्या उरल्या आहेत. मी ती उचलली आणि खाटेखाली सरकवली, दरवर्षी सरकवतो तशी.